गटातलं गटातच

३ नोव्हेंबर, सोम.
आप्पांनी सकाळीच केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, ऑडिटचं काहीतरी. तर म्हणे, "तुमच्या कंपनी सेक्रेटरी लोकांचं ते नेटवर्क हाय ना मुंबईला, त्याची सभासद हो. फी कंपनी भरंल."
मी बघतच राहिले. हा माणूस ऑफिसातला पंखा बदलायलासुद्धा दोन उन्हाळे घेतो.
संध्याकाळी अर्ज भरला. 'आपल्या संचालक मंडळाचं वर्णन करा.' काय करू? कांदा वाळवून पावडर करणारी कंपनी, फॅक्टरी विंचूरला, ऑफिस नाशिकला. मंडळात आप्पा, त्यांची मुलगी ऋतुजा आणि आप्पांचे देवळा गावचे दोन मित्र, जे मीटिंगला येतात ते मुख्यतः चिवड्यासाठी. यातलं शेवटचं लिहिलं नाही.
सुधीर म्हणाला, "चला, बायको आता मोठ्या लोकांत."

७ नोव्हें., शुक्र.
घेतलं! ऑनलाइन स्वागत झालं. पडद्यावर सगळे मोठमोठ्या कंपन्यांचे, मागे पुस्तकांची कपाटं. माझ्या मागे दोरीवर टॉवेल. उशिरा लक्षात आलं.
आम्हाला छोट्या गटांत वाटलंय. गटात आपल्या अडचणी मोकळेपणी मांडायच्या, पण फक्त पहिलं नाव सांगायचं, कंपनीचं नाही. आणि गटातलं गटातच. बाहेर एक शब्द नाही. सगळ्यांनी कबूल केलं. मीही. अगदी हात वर करून. बाकी कुणी हात वर केला नव्हता.

१३ नोव्हें., गुरु.
लिहून काढते.
गटाची पहिली बैठक. मुंबईचे कौशिक म्हणून एक जण, गोड बोलणारे. त्यांची अडचण अशी: "आम्ही नाशिककडची एक कंपनी विकत घेतोय. कांदा वाळवतात. मालक वयस्कर, ते तयार आहेत. त्यांची मुलगी डायरेक्टर आहे, तिला अजून सांगितलेलं नाही."
नाशिककडे अशा कंपन्या आणखीही आहेत. मी मनात तेच म्हणत होते. मग ते म्हणाले, "बोर्डावर मालकाचे दोन मित्र आहेत, गावाकडचे, ते सही करतील."
आमचीच कंपनी.
आणि पुढे, "प्रश्न त्यांच्या सेक्रेटरीचा आहे. जुन्या बाई आहेत. ताबा घेतल्यावर ठेवायचं की लगेच काढायचं?"
एकजणी म्हणाली, लगेच. दुसरे म्हणाले, कागदपत्रं हातात येईपर्यंत ठेवा. अगदी सभ्यपणे चाललं होतं सगळं. मग संयोजक बाईंनी विचारलं, "वैशाली, तुमचं मत?"
मी म्हणाले, "त्यांना आधी सांगा."
एवढंच. कौशिकनी मान डोलावली. लिहूनसुद्धा घेतलं.

१४ नोव्हें., शुक्र.
ऑफिसला गेले. कशी, माहीत नाही. मुंबई नाक्यावर चुकीचं वळण घेतलं आणि पार पाथर्डी फाट्यापर्यंत गेले.
ऋतुजा आली होती फॅक्टरीतून, केसांना तोच कांद्याचा वास. "वैशालीताई, बघ ना," म्हणून नव्या ड्रायरचे फोटो दाखवत बसली. पुढच्या हंगामाला कांद्यासोबत लसूणही घ्यायचा म्हणते.
मी हो हो म्हणत होते. तिच्याकडे बघवेना.
सुधीरलाही सांगितलेलं नाही. तो विचारतो, बरं नाही का? बरं नाही म्हटलं.

१७ नोव्हें., सोम.
आज विचारलंच. दार लावून घेतलं. "आप्पा, कंपनी विकताय?"
हातातला चष्मा तसाच.
"कुणी सांगितलं?"
"ते सांगता येणार नाही."
मग हसलेच. "त्या नेटवर्कातच कळलं असंल. बघ कसं असतं!"
मी म्हणाले, हसू नका.
मग जे बोलले ते... "मुंबईवाले तुला ठेवणार नाय, हे मला पहिल्या भेटीतच समजलं. म्हणूनच तुला तिथं घातलं. चार मोठी माणसं ओळखीची व्हतील, तुझी सोय लागंल. दुसरं काय करणार होतो मी?"
म्हणजे ती फी. ती अचानक दिलदारी. मला वाटलं होतं, माझ्या कामाची किंमत कळली.
राग यायला हवा होता. आला नाही, किंवा अजून पोचला नाही. नुसती बसून राहिले. त्यांनीच चहा मागवला.
"आणि ऋतुजाची सोय?"
"तिच्यासाठीच विकतोय. माझ्याच्यानं व्हत नाय आता, अन् या धबडग्यात तिला एकटीला टाकायचं नाय मला."
"तिला विचारलंत?"
"सांगतो ना."

१९ नोव्हें., बुध.
बोर्ड मीटिंगची नोटीस काढायची आहे. आप्पांना विषय 'इतर बाबी'त हवा होता. मी म्हणाले, इतकी मोठी गोष्ट तिथं लपवता येत नाही. स्पष्ट लिहिणार, सगळ्या संचालकांना पाठवणार, पण तुम्ही आधी ऋतुजाशी बोला.
माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परकीच.

२० नोव्हें., गुरु.
दुपारी आप्पांचा फोन. "सांगितलं तिला. पाठव."
पाठवली. विषय क्र. १: कंपनीच्या विक्रीचा प्रस्ताव.
तासाभरात ऋतुजा दारात. हातात मोबाइल. "ताई, हे काय आहे?"
मला वाटलं, शब्दरचनेबद्दल विचारतेय. खरंच तसं वाटलं. मग तिचा चेहरा बघितला.
त्यांनी सांगितलंच नव्हतं. माझ्या ईमेलमधून कळलं पोरीला!
"चुकून गेलंय ना?" म्हणाली. मी नाही म्हणाले. ती खुर्चीत बसली आणि ते एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिली.
आप्पा फोन उचलेनात.

२३ नोव्हें., रवि.
काही नाही. ऋतुजाचा फोन बंद. गटाच्या पुढच्या बैठकीचं आमंत्रण आलंय. तसंच पडू दिलं.

२८ नोव्हें., शुक्र.
मीटिंग झाली. झाली म्हणायची.
मुंबईवाल्यांचा माणूस प्रस्ताव मांडायला येणार होता. मी कागद लावत होते. दार उघडलं, कौशिक. मला बघून जागीच थांबले. ओळख करून द्यायच्या आतच तोंडून निघून गेलं, "वैशाली?"
चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं त्यांच्या. 'त्यांना आधी सांगा' आठवलं असणार.
आप्पा टेबलाकडे बघत बसले. ऋतुजाने मात्र आधी कौशिककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही एकमेकांना ओळखता?"
कौशिक घाईघाईने बॅगेतले कागद काढायला लागले.
प्रस्ताव मांडला गेला. ऋतुजा शांतपणे म्हणाली, "मी आज मत देणार नाही. आणि माझ्या मताशिवाय ठराव करायचा असेल तर आप्पा, तसं तोंडावर सांगा." आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. देवळ्याच्या मित्रांपैकी एक चक्क म्हणाले, "पोरगी म्हणती त्ये बराबर हाय." मीटिंग पुढे ढकलली. कौशिक जाताना माझ्याशी बोलले नाहीत.
सगळे गेल्यावर ऋतुजा थांबली. "तुला आधीपासून माहीत होतं. ड्रायरचे फोटो दाखवले तेव्हासुद्धा?"
मी म्हणाले, बस ना.
बसली नाही. "उद्या फॅक्टरीत ये. तिथं सांग मला, माझ्याकडे बघून."
सुधीर म्हणतो, सगळं सांगून टाक, कसलं आलंय गटातलं गटात. त्याला सोपं आहे.
जाणार आहे. गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय. काय सांगणार, ते तिच्यासमोर उभी राहिल्यावरच कळेल.