अदलाबदलीचे इंजिन

मंगळवार, ६ फेब्रुवारी

करूळच्या घाटात ट्रकचे इंजिन जाम झाले. चिऱ्यांनी भरलेली गाडी चढणीवर बंद पडून उलटी घसरू लागली. रिजवानने तिची मागील बाजू डोंगरावर घातली, तेव्हा ती थांबली. डाव्या बाजूचा दरवाजा उपटून गेला. रिजवान माझा एकुलता एक मुलगा. तो जिवंत घरी आला, याबद्दल अल्लाचे आभार मानले.

त्यानंतर त्याच्या कानशिलात मारली. इंजिन तापले, याचा अर्थ चालकाने पाणी पाहिले नाही! तो म्हणतो — रोज भरत होतो, रोज कमी होत होते, कोठे जाते ते समजत नव्हते. पाणी काय हवेत उडते? दुसरी मारली. सून नाजिया मध्ये आली, म्हणून तिसरी राहिली.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

इंजिन उद्यमनगरात गुंडू मिस्त्रीकडे नेले. माझ्या गाड्यांची इंजिने आजवर त्यानेच बांधली. सर्व पिस्टन चिकटले होते. ते ठोकून काढले. मोकळा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे ओतीव धड, साखळीने उचलून त्याने हातोडीने जागोजागी वाजविला. तडा असल्यास फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो. गुंडू म्हणाला, "मीरासाबा, जोतिबाची घंटा हाय ही. स्लीव्हा घालतो, क्रँक घासतो, तुझ्या नातवापातूर चालंल." मीही कान लावला. नाद स्वच्छ होता.

रिजवान आत आलाच नाही. बाहेर उभा राहून गाडीच्या कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलत होता! आपले जुने इंजिन त्यांना द्यावयाचे आणि त्याबदली त्यांच्या कारखान्यात पुन्हा तयार केलेले दुसरे घ्यावयाचे. हमीसह.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

नमाजाहून आल्यावर मी रिजवानला शांतपणे समजावले. ते इंजिन नवे नव्हे. कोणाच्या तरी मोडक्या गाडीतून काढलेले, खोललेले, रंगविलेले. कोणाची गाडी जळाली असेल, कोणाचा चालक तिच्यात मेला असेल. तिचे काळीज माझ्या गाडीत बसवावयाचे? माझे इंजिन माझ्याच गाडीत बांधले जाईल.

तो म्हणाला, कारखान्यात प्रत्येक ब्लॉक दाबाने पाणी सोडून तपासतात. गळला तर भंगारात. गुंडूकाका नुसता ठोकून पाहतात. निदान आपला ब्लॉक तरी तसा तपासून आणू.

गुंडूच्या कानावर शंका म्हणजे माझ्यावर शंका, असे मी स्पष्ट सांगितले.

"घाटात मी असतोय, अब्बा. तुमचा कान नसतोय."

हातात तांब्या होता. फेकला. त्याची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरले तरी तो माझ्याकडेच पाहत राहिला. वडिलांकडे असे पाहू नये.

शनिवार, १० फेब्रुवारी

घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. नाजिया चहा ठेवून जाते. चालेल.

सोमवार, १२ फेब्रुवारी

घडले तसे लिहितो.

सकाळी गुंडूच्या कारखान्यात गेलो, तो दारात कंपनीचा टेंपो उभा! रिजवानने मला न विचारता बोलाविला. ब्लॉक उचलण्यासाठी साखळी अडकवीत होते. गाडी माझ्या नावावर आहे! मी साखळी काढली. रिजवानने पुन्हा लावली. मी पुन्हा काढली. तेव्हा त्याने माझी गळपट्टी धरली आणि मला भिंतीवर आदळले. टोपी ऑइलात पडली. वयात आल्यापासून त्याने माझ्या अंगाला कधी हात लावला नव्हता. कंपनीचा माणूस हसला. "आजोबा, आता बसा की घरात."

ते हसणे कानात बसले.

अदलाबदलीसाठी ब्लॉक अखंड लागतो, हे मला ठाऊक होते. तर मग तो अखंड राहणार नाही! कोपऱ्यातला घण उचलला. पहिल्या घावाला टवका उडाला. गुंडू ओरडत होता. दुसऱ्या घावाला कडेची भिंत आत गेली. ओतीव लोखंड काचेसारखे फुटते. तिसऱ्यासाठी घण वर गेला असता रिजवानने ब्लॉकवर हात ठेवला. म्हणाला, "अब्बा, बास."

मला घण थांबविता आला असता की नसता, हे मला सांगता येत नाही.

उजवा हात. तो ओरडला नाही. खाली बसला. गुंडूने हाताला चिंध्या गुंडाळल्या, त्या लगेच भिजल्या. कंपनीच्या माणसाच्याच टेंपोतून दवाखान्यात नेले.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

दोन बोटे काढली. तळहाताच्या हाडांचा चुरा झाला आहे. डॉक्टर म्हणाले, ट्रकचे स्टिअरिंग या हातात पुन्हा येणे कठीण.

हवालदार आला. रिजवानने भिंतीकडे पाहत जबाब दिला — साखळी निसटली, ब्लॉक हातावर पडला. हवालदाराने मला विचारले, आपण तेथे होता काय? मी होतो म्हणालो. एवढेच विचारले, एवढेच सांगितले.

नाजियाने मला खाटेजवळ येऊ दिले नाही. "लांब व्हा," म्हणाली. सासऱ्याला!

गुरुवार, १५ फेब्रुवारी

गुंडूने बोलाविले. फुटलेले तुकडे त्याने फळीवर मांडून ठेवले होते. ताजे फुटलेले लोखंड राखी, चकचकीत दिसते. पण ज्या भिंतीमागे पाणी खेळते, तिच्या तुकड्यावर वीतभर लांब, काळपट, गंजलेली रेघ होती. तेथे लोखंड फार पूर्वीच उलले होते. पाणी तेथूनच जात होते.

गुंडू म्हणाला, "बांधलं असतं तर पुन्यांदा घाटातच गेलं असतं." मग तो हातोडीच्या दांड्यावरून अंगठा फिरवीत बसला. "कान गेला माझा, मीरासाबा."

माझाही कान लागला होता.

रिजवान पाणी भरत होता.

बुधवार, २१ फेब्रुवारी

रिजवानला घरी आणले. तड्याचे त्याला गुंडूने दवाखान्यातच सांगितले होते. नाजिया आत गेल्यावर त्याने डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "अब्बा, तुम्हास्नी तडा दिसला हुता न्हवं? म्हणून फोडलासा. व्हय की न्हाय?"

मी होय म्हणालो.