घरात सर्दी येऊ द्यायची नव्हती

ठाणे, मंगळवार दुपार

प्रिय रुचिता,

हे पाकीट राकेशच्या हातात देताना मी माझ्या या जावयाला एवढंच सांगणार आहे की हे तुला द्यायचं आणि तू वाचून संपवेपर्यंत तुझ्यासमोरून हलायचं नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून शेवटी फुलस्केपवर आले. शाळेच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या सहीची पत्रं टाइप केली, माझ्या सहीचं बहुतेक हे पहिलंच. बाबांचा फोन चार दिवस बंद का लागतो, असं तू राकेशला विचारलंस, राकेशने मला विचारलं, आणि मी म्हटलं चार्जर घरी राहिलाय. चार्जर माझ्या पर्समध्ये आहे. फोनचं खरं कारण शेवटी लिहिते. आधीचं सगळं लिहिल्याशिवाय ते लिहायला मला तोंड नाही.

जूनमध्ये बाबांच्या रक्ताच्या कॅन्सरची केमो सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलेलं. औषधाने अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होणार, तेव्हा साधी सर्दीसुद्धा घरात येऊ द्यायची नाही, आपल्याला जी चार दिवस नाक गळवून जाते ती यांच्या छातीत उतरेल आणि मग आमच्या हातात फार काही राहणार नाही. तू मान खाली घालून सगळं लिहून घेत होतीस. मला आतून हसू येत होतं. खाडीकाठी राहणाऱ्या माणसाला डास येऊ देऊ नका म्हणून सांगावं, तसं दिवा स्टेशनच्या गर्दीत राहणाऱ्या बाईला सर्दी येऊ देऊ नका म्हणत होते ते. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. एखादी गोष्ट होणार नाही असं मला वाटलं की मी ती करूनच दाखवते, आणि करताना आजूबाजूच्यांना जगणं नको करून सोडते.

साबणाने वीस सेकंद हात धुवा. शाळेत दरवर्षी हेच पत्रक मी टाइप करून नळावर चिकटवायचे, आणि नळाला पाणी नसायचं. आपल्या बिल्डिंगमध्ये पाणी एक दिवसाआड चाळीस मिनिटं. मी थंड पेयाच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने भोक पाडलं आणि ती बेसिनवर उलटी टांगली. वीस सेकंद मोजायला घड्याळ कोण बघणार, म्हणून हात चोळताना त्रिशरण म्हणायला लागले. घाई न करता तिन्ही वेळा म्हटलं की वीस सेकंद भरतात, वर थोडे उरतात. बाबा आतून म्हणाले, एवढं विहारात म्हटलं असतंस तर आत्तापर्यंत तुला चीवर दिलं असतं. त्यांचा टॉवेल वेगळा, त्याला सेफ्टी पिन. ताट वेगळं, पेला वेगळा. दाराची कडी, दिव्याची बटणं, टीव्हीचा रिमोट, सगळं सकाळ-संध्याकाळ पुसायचं. डोळ्याला, नाकाला हात लावायचा नाही. तू करून बघ एक दिवस. माणूस दिवसभर स्वतःचं तोंड चाचपत बसलेला असतो, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं. खिडक्या उघड्या ठेवा म्हणाले, त्या ठेवल्या. समोरच्या नव्या टॉवरचं अर्धं सिमेंट आपल्या घरात येऊन बसलं, पण हवा खेळती राहिली.

शेजारची कलावती संगमेश्वराकडची, तिला सगळ्या सर्दीचं मूळ दह्यात आणि केळ्यात दिसतं. दौलतभाऊंना दही देऊ नकोस, ओल्या केसांनी पंख्याखाली बसू देऊ नकोस. मी म्हटलं, अगं सर्दी दह्यात नसते, माणसात असते. तर तिने असा चेहरा केला जसं काही मी तिचं दही नासवलं. दुसऱ्या दिवशी आपल्या दाराला बांधायला ओव्याची पुरचुंडी घेऊन आली. आधी स्वतःच्या तळहातात मनसोक्त शिंकली, मग त्याच हाताने आपल्या कडीला गाठ मारली, आणि म्हणाली, आता काळजी नको. ती गेल्यावर मी पुरचुंडी चिमट्याने काढली. तिने ते तिच्या दाराच्या भोकातून बघितलं असणार. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर आपल्या लोकांत तो गुन्हा ठरतो, आणि जाऊन त्याच्या तोंडावर खोकलं तर ती माया. विहारातल्या बायका आल्या, सातजणी, मोसंब्या घेऊन. मी जाळीच्या दाराआडून जयभीम केला आणि मोसंब्या बाहेरच ठेवायला लावल्या. शालूआत्या कळव्याहून दोन जिने चढून आल्या, तेव्हा लिफ्ट बंद होती. त्यांना मी बाहेर खुर्ची दिली. बहिणीला भावाच्या दारात खुर्ची. मंजुळे, माझ्या भावाला तुरुंगात घातलंयस तू, म्हणाल्या. मी म्हटलं, हो, आणि जेलर मीच आहे. तेव्हा मला ते उत्तर फार आवडलेलं.

मग ऑक्टोबर. सान्वीचा वाढदिवस. तू टिटवाळ्याहून दोन गाड्या बदलून आलीस, हातात केकचा खोका, आणि सान्वीचं नाक वाहत होतं. बालवाडीत जाणाऱ्या मुलांचं वाहतंच, त्यात तिचा काय दोष, तुझा तरी काय. बाबांच्या पेशी त्या आठवड्यात सगळ्यात खाली होत्या. मी दार उघडलं नाही, ते मी आजही उघडलं नसतं. पण तिने जाळीतून बोट आत घातलं आणि मी मागे सरले, ते तिने बघितलं. आणि तुम्ही लिफ्टपर्यंत पोचायच्या आत मी स्प्रे घेऊन जाळी पुसायला घेतली, ते तू मागे वळून बघितलंस. आई, ती तुझी नात आहे, एवढंच म्हणालीस. त्याच्या आधीचं आणि नंतरचं तू काही बोलली नाहीस आणि आजतागायत बोलत नाहीस. मी दोन मिनिटं थांबू शकले असते. जंतू दोन मिनिटांत काही घर बांधणार नव्हते. बाबा आतल्या खोलीत कॉटवर बसून सगळं ऐकत होते. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, औषध मागायचं तरी भिंतीकडे बघून मागायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तुझं बरोबर होतं, पण बरोबर असण्याचीसुद्धा एक पद्धत असते. वागळे इस्टेटमध्ये बत्तीस वर्षं लेथवर उभं राहिलेला माणूस, एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून क्वचितच आलं असेल.

डिसेंबरात रिपोर्ट चांगले आले. दोनच केमो राहिल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ताई, तुम्ही फार छान सांभाळलंत, सहा महिन्यांत एकदाही ऍडमिट करावं लागलं नाही. मी तो कागद हातात धरून हॉस्पिटलच्या बाहेर उभी राहिले आणि मला वाटलं, जिंकले. कलावती, शालूआत्या, तू, सगळ्यांना घालवून मी जिंकले होते.

आता जे लिहिते ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बिल्डिंगचं पाणी पाच दिवस आलं नाही. टँकर मागवायचा तर आपले चेअरमन सीतारामभाऊ म्हणाले, ज्यांनी आपली टाकी वेगळी बसवलीये त्यांनी मत द्यायचं की नाही ते आधी ठरवू. खाली पार्किंगमध्ये मीटिंग. चाळीस माणसं, वर पत्रा, तिन्ही बाजूंनी भिंत. मी मास्क लावूनच गेले. माझ्या घरी बाटलीत चार बोटं पाणी उरलेलं, हात कसे धुवायचे, या एकाच विचाराने गेले. पण मास्क लावून भांडता येत नाही गं. मी बोलले की मागून कोणीतरी म्हणायचं, ताई, ऐकू येत नाही. तिसऱ्यांदा तसं म्हणाले, तेव्हा मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि पाऊण तास सीतारामभाऊंची अशी सालटी काढली की लोक बाल्कनीत येऊन ऐकत होते. माझ्या शेजारी एक बाई ओढणीत नाक पुसत होती. मी तिला बघितलं. बघितलं आणि पुढचा मुद्दा मांडला.

टँकर आला. मी घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले, त्रिशरण दोनदा म्हटलं. दुसऱ्या दिवशी घसा दुखायला लागला आणि मी म्हटलं, एवढं ओरडल्यावर दुखणारच. माझा घसा भांडून बसलाय, याची मला एवढी खात्री होती की दुसरी शंका मनात आलीच नाही. उलट थोडा अभिमानच होता.

आणि चहा. ताट, पेला, टॉवेल, सगळं वेगळं केलं, चहा तेवढा राहिला. लग्नापासून आमचा कप एक, बशी एक. केमोने त्यांचं तोंड आलेलं, गरम काही लावता येत नव्हतं. म्हणून मी त्यांचा चहा बशीत ओतायचे, फुंकून निववायचे, एक घोट घेऊन बघायचे आणि मग परत त्यांच्या कपात ओतून द्यायचे. सहा महिने, दिवसातून दोनदा. मला एकदाही वाटलं नाही की हे नियमात बसत नाही. मी स्वतःला बाहेरचं माणूस धरलंच नव्हतं. सगळे नियम तुम्हा लोकांसाठी होते. घसा दुखत होता ते दोन दिवससुद्धा मी फुंकर घालत होते. तिसऱ्या दिवशी मला शिंक आली, ती सीतारामभाऊंच्या खात्यावर टाकता येईना. मी मास्क लावला, अंथरूण स्वयंपाकघरात नेलं, चहा फुंकून देणं बंद केलं. ते एवढंच म्हणाले, आजचा चहा फारच गरम आहे.

चौथ्या दिवशी त्यांना ताप आला. माझी सर्दी आठवड्यात गेली. आली-गेली म्हणून विसरून जावं अशी सर्दी होती ती.

इथे हॉस्पिटलात आणल्याला आज नववा दिवस. तुला मी राकेशकडून कळवलेलं की केमोच्या दिवशीसारखं सलाइन लावतील आणि सोडतील, आणि पहिले पाच दिवस ते स्वतः तुझ्याशी फोनवर बोलत होते, म्हणून तूही मानलंस. तेव्हाच धाप लागत होती. तुझा फोन आला की ऑक्सिजनचा मास्क बाजूला करायचे, दोन मिनिटं बोलायचे आणि नंतर अर्धा तास डोळे मिटून पडायचे. चार दिवसांपासून मास्क बाजूला करता येत नाही, म्हणून फोन बंद. निमोनिया दोन्ही बाजूंना आहे. मी डॉक्टरांना विचारलं, कुठून आलं असेल. ते म्हणाले, ताई, कुठूनही येतं, आता ते शोधू नका. चांगला माणूस आहे. मी काल बाबांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, मीटिंग, मास्क, बशी. त्यांनी डोळे उघडले. मग मास्कच्या आतून काहीतरी म्हणाले, ते कळायला मला तीनदा विचारावं लागलं. ते विचारत होते, टँकर आला का. मी म्हटलं, आला. त्यांनी मान हलवली आणि झोपले. माफ केलं की नाही ते त्या मानेवरून कळत नाही. मी वाटेल तसं लावून बघितलं.

आता कशासाठी लिहिते ते. आज सकाळी राउंड झाल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, कोणाला भेटवायचं असेल तर भेटवून घ्या. मी म्हटलं, घरात लहान नात आहे, सव्वाचार वर्षांची. ते म्हणाले, आणा. मी म्हटलं, तिला सारखी सर्दी असते. ते म्हणाले, असली तरी चालेल. सात महिने मी ज्या एका गोष्टीसाठी सगळ्यांना तोडलं, ती त्यांनी तीन शब्दांत सोडून दिली, आणि मी ऑफिसात काम केलेली बाई, नियम कधी शिथिल करतात हे मला कळतं. तेव्हा तू ये. माझ्याशी बोलू नकोस, मी बाहेर बाकावर बसेन. तिला जशी असेल तशी आण, औषध देऊन, नाक पुसून, चार दिवस थांबून, असं काही करू नकोस. खाली वॉचमन लहान मुलांना सोडत नाही, पण मी डॉक्टरांकडून सहीची चिठ्ठी घेऊन ठेवलीये, फोन कर, मी गेटवर येते. हा फोन तेवढा उचल किंवा कर. राकेशला रविवारी सुट्टी असते हे मला माहीत आहे. रविवारपर्यंत थांबू नकोस.

तुझीच, तू मानशील तेव्हा,
आई