काळीची पावडर बंद

बाबा,

मी डेअरीवर दूध घालून येते. काळीला आता खनिजांची पावडर अजिबात द्यायची नाही. तिच्या रक्तात तांबं फार वाढलंय, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. पेंडेतून मिळतं तेवढं तिला पुरतं, वरचं सगळं यकृतात साठत जातं आणि धडधाकट जनावर एक दिवस खाली बसतं ते उठतच नाही.

चूक माझीच. घातलेलं विसरते आणि पुन्हा घालते. म्हणून डबा कुलपात ठेवलाय, शोधत बसू नका. ती हात चाटून मागेल, लबाड आहे. नुसती मान खाजवा.

तुमचं जेवण झालंय, ताट मी घासून ठेवलं. तरी जेवायचं राहिलंय असं वाटलं, तर ओट्यावर झाकून ठेवलंय. तुम्ही दोनदा जेवलात तरी चालतं.

तुमची विसरभोळी