बांगड्यांखालचे वळ

मनकर्णाकाकू,

सुप्याच्या कंपनीत सुपरवायझरनं दिशावर जबरदस्ती केली, हे तिनं आधी आई म्हणून तुम्हालाच सांगितलं. तरी लोकांना संशय नको म्हणून तुम्ही तिला रोज तिथंच धाडता. वर रविवारी तिला बघायला पाहुणे बोलावलेत. मनगटावरचे वळ झाकायला कोपरापर्यंत बांगड्या भरल्यात. कासारणीनं हात दाबल्यावर ती कळवळली, तर म्हणालात, "व्हईल सवय."

मला म्हणता, "मैत्रीण हायेस, समजाव तिला." मी तिला फक्त विचारलं, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, "तक्रार करायचीय. येशील?"

हे पत्र दिलं तर तुम्ही मला दारात उभं करणार नाही, आणि आत ती एकटी पडेल. म्हणून देत नाही.

उद्या आम्ही दोघी ड्युटीला म्हणून निघू. डबा जरा जास्त भरा, काकू. पोलीस ठाण्यात किती वेळ बसवतील, सांगता येत नाही.

रोज तुमच्या दारातून तिला हाक मारणारी,
यशोधरा