एक मात्रा आधी

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? इकडे ठीक. नळ गळतोय. हे त्याच्याकडे बघतायत, मी यांच्याकडे.

आपल्या समूहगान मंडळाच्या चाळीस वर्षांच्या कॅसेटी संगणकावर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. रेकॉर्डिंग मीच करायचे ना. माइक माझ्या खुर्चीपासून हातभर ठेवायचे, उठून कॅसेट उलटता यावी म्हणून. त्याचं फळ आता ऐकू येतंय.

मास्तर दोन कॅसेटी ऐकून म्हणाले, "बेचाळीस जण गात होते ना गं? बाकीचे एकेचाळीस कुठायत?"

सगळीकडे मीच. खोकणारी मी, वही उलटणारी मी. एका शोकगीतात तर दोन कडवी मी गोळीचा कागद सोडवतेय.

पंचविसाव्या वर्षाची कॅसेट बुरशीने गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. गेलेली नाही. मोज्यांच्या खणात होती.

शेवटच्या गाण्यातली ती शांतता तुला आठवत असेल. मास्तरांचा हात वर, आणि कोणीतरी एक मात्रा आधीच सुटलं. आपले आवाज सारखे. फोनवर आईसुद्धा फसायची. मास्तरांनी तुझ्याकडे पाहिलं. नंतर तू म्हणालीस, "मी नव्हते." मी मोठ्या मनाने म्हणाले, "होतं गं ताई कधी कधी."

त्यानंतर तू तालमीला आली नाहीस. मला कधी काही विचारलंही नाहीस.

कॅसेटमध्ये तो सूर आहे, आणि त्याला लागून, अगदी हळू, "मेले!" माइकपासून हातभर. ते कोण म्हणालं, हे कळायला मला कॅसेट लागली नाही. तेव्हाच ठाऊक होतं.

रविवारपासून हे सगळं वाचनालयात कोणालाही ऐकता येईल. तेवढं कापणं एका बटणाचं काम होतं. बोट ठेवलंही होतं. काल कॅसेट तशीच मास्तरांना दिली.

त्यांनी दोनदा ऐकली. चष्मा पुसला. "म्हणजे पंधरा वर्षं मी चुकीच्या बहिणीवर रुसलो," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "ती येईल का विचार. खालचा सूर कोणाला धरता येत नाही. तुला तर नाहीच."

तालीम गुरुवारी सहाला. तुझ्या खुर्चीवर आम्ही पर्सा ठेवतो. मी माझी उचलली आहे.

तेव्हा एक मात्रा आधी, आता पंधरा वर्षं उशिरा,
तुझी धाकटी