भोपळ्याने वाकलेलं विश्व

ती. कोकिळाताईच्या पायांशी धाकट्या चांगदेवचा नमस्कार.

इकडे रेवसला मी आणि सुचिता दोघेही ठीक आहोत. माझी कंबर आणि तिचा आवाज पूर्वीसारखाच आहे. तुझा गुडघा कसा आहे? तळा गावच्या त्या डॉक्टरने दिलेलं तेल लावतेस, की बाटली देवळीत ठेवून तिला नमस्कार करतेस? वाल यंदा बरे आले असं ऐकलं. भाऊजींच्या पश्चात तू एकटीने शेत राखलंस, याचं इथे सर्वांना कौतुक आहे. मी ते तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता मुद्द्याचं. भाऊजींना जाऊन वर्ष होत आलं. या वर्षात मी फोनवर मृणालचं नाव काढलं की लगेच तुझं दूध उतू जातं आणि फोन बंद होतो. (ताई, तुझ्या गोठ्यात एकच म्हैस आहे आणि ती दिवाळीपासून आटलेली आहे, हे मला ठाऊक आहे.) म्हणून लिहायला बसलो. तुझ्या लेकीने आमच्या गावात जे केलं, ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून वेडंवाकडं कळण्याआधी माझ्याकडून सरळ कळावं, एवढाच हेतू.

आमच्या वाचनालयाने विज्ञान दिनाला तिचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय 'विश्वाची रचना, सोप्या भाषेत'. 'सोप्या भाषेत' हे शब्द आमचे अध्यक्ष अंबाजी तांडेल यांनी हट्टाने घातले. (त्यांनी हयातभर मासेमारीची बोट चालवली. मागच्या वर्षी एक वक्ता पचनसंस्थेवर इतका अवघड बोलला की लोकांना जेवण गेलं नाही, हे ते अजून विसरलेले नाहीत.) मृणाल भाऊच्या धक्क्यावरून लाँचने निघाली. पण ओहोटी लागली होती आणि आमच्या खाडीतला गाळ तुला माहीतच आहे. लाँच धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर येऊन रुतली. सभागृहाच्या खिडकीतून ती आम्हाला दिसत होती, आम्ही तिला दिसत होतो, आणि मध्ये चिखल. तिने फोन केला, "मामा, पाणी चढेपर्यंत तुम्ही सुरुवात करा. एक कापड ताणून धरा, मध्ये काहीतरी जड ठेवा आणि बाजूने लिंबू सोडा. वजनाने जागा वाकते आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, एवढं समजलं तरी पुष्कळ झालं."

मी तीस वर्षं भूगोल शिकवला. पृथ्वीच्या पलीकडे माझी नेमणूक कधीच नव्हती. तरी उभा राहिलो. कापड मिळेना, तेव्हा कुणीतरी मासे धरायचं जाळं आणलं. सुचिताने घरून भोपळा आणला. (तो तिने सोमवारच्या भाजीसाठी ठेवलेला होता, हे मला दोन दिवस ऐकावं लागलं.) चौघांनी जाळं ताणलं, मी भोपळा सूर्य म्हणून मध्ये ठेवला. जाळं छान वाकलं. लोक माना डोलावू लागले. मग मी पृथ्वी म्हणून लिंबू सोडलं. ते जाळ्याच्या भोकातून खाली गेलं. मंगळ सोडला, तोही गेला. गुरू म्हणून मोसंबं सोडलं, ते तेवढं भोपळ्याकडे वळलं. ते बघायला अंबाजी पुढे वाकले, आणि नेमकी त्याच क्षणी जाळ्याची एक कड सुटून सूर्य त्यांच्या पायावर आला. भोपळा फुटला. अध्यक्षीय भाषण अंबाजींनी खुर्चीत बसूनच केलं.

एवढ्यात मृणालला छोट्या होडीतून आणलं. गुडघ्यापर्यंत गाळ, चपला हातात. मला वाटलं, माझी फजिती बघून हसेल. हसली नाही. तिने तेच जाळं उचललं, गोळा करून मुठीत धरलं, आणि दोघांना दोन बाजूंनी हळूहळू ओढायला सांगितलं. म्हणाली, आता कुठल्याही एका गाठीवर बसलाय असं समजा. बाकीच्या सगळ्या गाठी तुमच्यापासून लांब जाताना दिसतील. जितकी गाठ लांबची, तितकी ती जास्त वेगाने लांब जाताना दिसेल. दुसऱ्या गाठीवर बसा, तिथूनही हेच. म्हणून विश्वाची मधली गाठ कुठलीच नाही. अंबाजींनी विचारलं, जाळ्याच्या बाहेर काय? तर म्हणाली, काका, आमच्या गणितात बाहेर असं काही लागतच नाही, जाळं म्हणजेच जागा.

पुढे तिने सांगितलं की आइन्स्टाइनचं समीकरण एकच, पण त्यातून विश्वं निरनिराळी निघतात. आत किती माल भरलाय, त्यावर ठरतं. एक विश्व पसरत राहतं, एक पसरून पुन्हा आवळतं, आणि एक जागच्या जागी राहू बघतं, पण जरा धक्का लागला की त्याचा तोल जातो. आपलं कुठलं, हे कागदावर ठरत नाही, आकाशाकडे बघावं लागतं. सध्या तरी ते पसरत चाललेलं दिसतं. यावर मागून एकाने तक्रार केली, की म्हणूनच मुंबईची लाँच वर्षागणिक उशिरा पोचते. ती गंभीरपणे म्हणाली, नाही, जवळच्या वस्तू एकमेकींना धरून ठेवतात. त्यांच्यातलं अंतर या पसरण्याने वाढत नाही. ते वाढलंच, तर दुसऱ्या कारणाने.

(ताई, इथे तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.)

मग केसर उभी राहिली. ही सुकी मासळी विकते. तिचा नवरा वादळात बोटीसकट गेला, तो मिळाला नाही. ती कधी सभेत बोलत नाही. म्हणाली, "पोरी, मानूस मेला का त्याची चांदनी होते म्हंतान, ता खरा हाय का?"

मी सभा आवरायला अर्धा उठलो. कारण भाऊजींच्या तेराव्याच्या संध्याकाळी तू अंगणात उभी राहून "ते बघ, तुझे बाबा" म्हणालीस, आणि मृणाल म्हणाली, "आई, तो शुक्र आहे." तेव्हापासूनचा तुझा अबोला मला ठाऊक आहे.

मृणालने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाली, "नाही मावशी, चांदणी होत नाही. पण एक सांगू? या गणितात काळसुद्धा जागेसारखाच मांडलेला असतो. तुम्ही इथे रेवसला आहात म्हणून मुंबई पुसली गेली का? ती तिथेच आहे, इथून दिसत नाही एवढंच. तसे तुमचे दिवस पुसले गेलेले नाहीत. तिथे परत जाता येत नाही. पण ते दिवस नाहीसे झाले, असं हे गणित म्हणत नाही. सगळे शास्त्रज्ञ याचा असा अर्थ लावत नाहीत. मी लावते."

केसर म्हणाली, "म्हंजे तो हाय. माज्याजवल न्हाय, पन हाय."

"हो," मृणाल म्हणाली, "असं म्हणता येईल." आणि ती जाळ्याशेजारी खालीच बसली. केसरच तिच्याजवळ गेली आणि आपल्या पदराने तिच्या पायाचा गाळ पुसू लागली. सभा तिथेच संपली. आभार मानायचे राहिले, पण कुणाची तक्रार आली नाही.

संध्याकाळी ओटीवर बसलो असताना ती मला म्हणाली, "मामा, तो शुक्र होता हे खरंच होतं. पण आईने मला ते विचारलंच नव्हतं."

मी भूगोलाचा माणूस. तिला चहा दिला.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप.

तुझा,
चांगदेव

ता. क. अंबाजींचा अंगठा काळानिळा झाला आहे. विचारणाऱ्याला ते सांगतात, सूर्य पडला.

ता. क. दुसरा. वर लिहिलेलं शास्त्र मी मृणालला वाचून दाखवलं. तिने चार ठिकाणी चुका काढल्या. कागदावर खाडाखोड नको, म्हणून त्या ती तोंडी सांगणार आहे.

ता. क. शेवटचा. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. सुचिताने ते तुझ्या हातात दिलं. पण ती एकटी आलेली नाही. दुसरी बाहेर रस्त्यावर उभी आहे, आत ये म्हटल्याशिवाय यायची नाही. हट्ट कुणाचा घेतलाय, ते मी लिहीत नाही. सोमवारी तिचं विमान आहे, दोन वर्षांसाठी परदेशी जाते आहे. तिला हाक मार. विश्वाबद्दल काही विचारू नकोस. जेवलीस का, एवढंच विचार.