बाबांच्या खुर्चीतला माईक

भाऊराया,

बाबांना मी माझ्या घरी नेतेय. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

मी आले तेव्हा ते जिन्यात बसले होते, अनवाणी. म्हणाले, "तो स्पीकर जुळवतोय. माझ्या खोकल्यानं मशीनचं आवाजाचं माप चुकतं. झालं की बोलावणार आहे." आणि तू दार ओढून, त्यांच्या शेजारूनच उतरून वायर आणायला गेलास! आत बसवून जावं, एवढंही सुचलं नाही तुला?

माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं, तर माप घ्यायचा माईक बाबांच्याच खुर्चीत, बरोबर त्यांच्या कानाच्या उंचीवर. तिथं बसणाऱ्याला चहूबाजूंनी आवाज छान यायला हवा, आणि बसणारा जिन्यात. धन्य आहे रे तुझी!

त्यांचा पलंग सरकवून तिथं स्पीकरचा तो धडधडणारा डबा ठेवलायस, तो आता राहू दे तिथंच. औषधं आणि चष्मा घेतलाय. खुर्चीही नेणार होते, पण तेच नको म्हणाले. "हलवू नकोस गं, त्याला पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

म्हणून खुर्ची ठेवून जातेय. आता घरात खोकणारं कुणी नाही. घे खुशाल माप.

ताई